चालताना बोलायचं नाय

आजारातून उठल्यापासून भेटेल तो विचारतो, "मग, या आजारानं काय शिकवलं?" काही शिकवलं नाही. आजार काय शाळामास्तर आहे? त्यानं माझा दम पळवला, निम्मे केस पळवले आणि ज्याच्या जोरावर चार लोक मला ओळखायचे ते लिहिणंही पळवलं. ते मी परत मिळवलं, पण त्याचं श्रेय आजाराला मुळीच देणार नाही. ज्यांना द्यायचं त्यांना देईन, आणि ज्यांना दोन शब्द सुनवायचेत त्यांना सुनावीनही. ज्यांचे रिपोर्ट चांगले आले तरी जीव ठिकाणावर आला नाही, आणि घरचे ज्यांना "आता तुला काय झालंय?" म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गुलमंडीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पत्रिका आमचे हे छापतात आणि मंगलाष्टकं मी लिहिते. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरानंतर जरासा थांबा आणि कडव्याच्या शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्'. या मापात आजी-आजोबांपासून मावसकाकांपर्यंत सगळ्यांची नावं बसवायची. एखाद्या आत्याचं नाव राहिलं तर आत्या रुसून जेवत नाही, म्हणून हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. ज्यांच्या घरात गाणारं कोणी नसे त्यांच्याकडे मी म्हणायलाही जायचे. एक ओळ एका दमात म्हणायची, ही माझी ऐट होती.

बॅग

दुसऱ्या लाटेत मला ताप आला. तपासणीच्या रांगेत उन्हात उभं राहून झाल्यावर पांढऱ्या पोशाखातली मुलगी म्हणाली, "पॉझिटिव्ह. तिकडं बाजूला उभ्या राहा." चुकीच्या बसमध्ये चढलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. तिचाही दोष नाही, सकाळपासून ती हेच सांगत असणार. पण माझ्या पायाखालची जमीन सरकली होती आणि बाजूला उभं राहायलासुद्धा सावली नव्हती.

कपडे घ्यायला मुकुंदवाडीच्या घरी आले, तोवर सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पोचली होती. 'बी विंगमधील पेशंट'. इतकी वर्षं मी वैशालीताई होते, कुणाच्या पोरीच्या लग्नाची मंगलाष्टकं फुकटात लिहून दिलेली वैशालीताई. त्या दिवशी माझं नावसुद्धा गेलं. वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्या कुरडया आजवर माझ्या गच्चीत वाळल्या, त्या खिडकीतून म्हणाल्या, "वहिनी, जिन्याच्या कठड्याला हात लावू नका हं."

आमच्या ह्यांनी बॅग भरून ठेवली होती. ती त्यांनी उंबऱ्यातून पायानं माझ्याकडे ढकलली. ते घाबरले होते, हे मला कळत होतं. मीही घाबरले होते. पण पायानं? त्या बॅगेत माझा कंगवा होता, माझी औषधं होती, देवाचा अंगारा होता. अँब्युलन्समध्ये मला आजारापेक्षा त्या पायाचीच जास्त आठवण येत होती.

मंगल कार्यालय

मला नेलं ते एका मंगल कार्यालयात. तिथंच कोविड सेंटर केलं होतं. गंमत बघा, त्याच हॉलमध्ये मी कितीतरी लग्नांत माईक धरून उभी राहिले होते. आता पंगतीच्या जागी खाटा होत्या, आणि नवरा-नवरीच्या स्टेजवर ऑक्सिजनचे सिलेंडर उभे होते. कमानीवरची थर्मोकोलची अक्षरं कुणी काढलीच नव्हती. त्यातलं 'शुभ' तेवढं शिल्लक होतं आणि ते नेमकं माझ्या समोर होतं.

तिथला दिवस म्हणजे बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं यंत्र, सुई, पाकिटातली खिचडी आणि पुन्हा यंत्र. एखादी खाट रिकामी झाली की आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो नाही. घरी गेली की कुठं गेली, हे विचारायची सोय नव्हती. कुणी सांगतही नव्हतं. माणसाला भीती वाटते तेव्हा खरं सांगितलं तर ती कमी होते, एवढी साधी गोष्ट तिथल्या एकालाही ठाऊक नसावी.

शेजारच्या खाटेवर नसीमआपा होत्या. शिवणकाम करणाऱ्या, माझ्याच वयाच्या, खोकता खोकता हुकूम सोडणाऱ्या. मी उताणी झोपलेली दिसले की ओरडायच्या, "ओ बाई, पेट के बल सो! डॉक्टर बोला ना? मेरे कू बाजूवाला बिस्तर खाली नक्को." त्यांच्या धाकानं मी पालथी झोपले, आणि त्यांच्या धाकानंच बहुधा वाचले.

प्यायला गरम पाणी द्यायचं असा तिथला नियम होता, पण यायचं ते गारढोण. एक दिवस आपा म्हणाल्या, "तुम लिखनेवाली है बोले ना? एक अर्जी लिखो. गरम पानी कायकू नै मिलता, पूछो इनकू."

मी कागद घेतला. 'माननीय महोदय' लिहिलं आणि पुढं काही येईना. पाणी, गरम, मिळत नाही, हे तिन्ही शब्द मला माहीत होते, पण कोण आधी आणि कोण नंतर हे सुचेना. ज्या बाईनं नावांच्या याद्यांतून कडवी रचली तिला पाण्याची एक तक्रार जमेना. मी कागद उशीखाली सरकवला आणि तोंड फिरवून रडले. मरणाची भीती मला त्या हॉलमध्ये बऱ्याचदा वाटली, पण इतकी घाबरले नव्हते.

आपांनी ते पाहिलं. म्हणाल्या, "जाने दो. नक्को लिखो. मैं चिल्लाती." आणि त्या खरंच अशा ओरडल्या की किटलीभर उकळतं पाणी आलं. त्यांनी पहिला पेला मला दिला. त्या पुढं बऱ्या होऊन घरी गेल्या, अजून फोन करतात आणि अजून ओरडतात.

गुलाबाचं फूल

सोडलं त्या दिवशी दारात टाळ्या वाजवणारी मंडळी उभी होती. माझ्या हातात गुलाब दिला आणि एक प्रमाणपत्र. त्यावर कुणा पुढाऱ्याचा फोटो केवढा तरी मोठा, आणि खाली बारीक अक्षरांत 'कोरोना योद्धा श्री. विशाल'. मी वैशाली आहे म्हटलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढणारा म्हणाला, "असू द्या काकू, हसा जरा." मला धड उभं राहवत नव्हतं आणि हा मला हसायला सांगत होता. मी योद्धा नव्हते. मी गारढोण पाणी पिऊन कशीबशी जगलेली बाई होते.

घरी पोचले, तर सोसायटीनं कळवलं, 'अजून काही दिवस बाहेर राहिल्यास सर्वांना सोयीचे'. ह्यांनी ते मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "तुम्ही काय म्हणालात त्यांना?" तर म्हणे, "वाद कशाला वाढवायचा?"

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. त्यानं सकारात्मक विचारांचा कसला ऑनलाइन वर्ग लावला होता. "ताई, रोज सकाळी तीन चांगल्या गोष्टी लिही. मन बदललं की शरीर बदलतं." पाठोपाठ त्यानं सोनेरी कडांची एक डायरी पाठवली. तिच्या प्रत्येक पानावर छापलेलं होतं, 'आज मी कशासाठी कृतज्ञ आहे?' सुचण्याचं बळच ज्याचं गेलंय त्याला लिहायला सांगणं म्हणजे लंगड्याला नाच म्हणणं. पण भाऊ आहे, प्रेमानं पाठवली, म्हणून ठेवली.

मंदा

मग मंदाचा फोन आला. मंदा माझी धाकटी जाऊ. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. करमाडची शेती तिनं एकटीनं सांभाळली आणि रूपाली नावाची पोर शिकवून मोठी केली.

"ताई, हिकडं या. मोसंबीच्या बागंतली खोली मोकळीच हाय."

"अगं, तुला काही झालं तर?"

"डॉक्टर म्हनले ना आता कुनाला लागत नाय? मग? डॉक्टरपरीस सोसायटीवाल्याला जास्त कळतंय व्हय?"

मी गेले. दुसऱ्याच सकाळी ती दारात उभी. "चला, मळ्याच्या कडंपातुर जाऊन येऊ." मी चार पावलं चालले आणि बोलायला लागले. सोसायटी, पुढारी, बॅग, सगळं. थोड्याच वेळात धाप लागून खाली बसले. मंदानं पाणी दिलं आणि म्हणाली, "चालताना बोलायचं नाय. बोलायचं तर बसून बोला, चालायचं तर गप चाला. तुमचा निम्मा दम चिडचिडीतच जातोय."

तेव्हापासून तोच नियम. ती पुढं, मी मागं, तोंड बंद. बांधावरून मोसंबीची बाग, मग गाडीवाट, मग रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडं एक टेकाड. टेकाडावरून एका अंगाला शेंद्र्याच्या कंपन्यांची पत्र्याची छपरं दिसायची आणि दुसऱ्या अंगाला नांगरलेली काळी रानं. हवा स्वच्छ होती, हे मी कबूल करते. पण माझं लक्ष हवेकडे नव्हतंच.

एकदा गाडीवाटेवर एक म्हातारा समोरून आला. आम्हाला बघून त्यानं नाकाला टॉवेल लावला आणि शेतात उतरून ओरडला, "ए मंदे, त्या कोरोनावालीला घिऊन लांबून जा!" मला त्याला असं काही सुनवायचं होतं की त्यानं टॉवेल तोंडावरच ठेवला असता. पण नियम. आणि खरं सांगायचं तर दमही नव्हता. ते सगळं मी गिळलं, खोलीपर्यंत तसंच घेऊन आले आणि बॅगेत हाताला लागली ती सोनेरी डायरी उघडली.

'आज मी कशासाठी कृतज्ञ आहे?' याच्या खाली मी लिहिलं : कशासाठीही नाही. बाबा रे, तुझा तो टॉवेल आधी धू. त्याच टॉवेलानं बैल पुसतोस, त्यानंच तोंड, आणि लाज मात्र मला वाटावी अशी तुझी अपेक्षा.

लिहून झालं आणि बघितलं तर पान भरलं होतं. वाक्यं सरळ होती. शब्द आपापल्या जागी बसले होते. मी ते पान मोठ्यानं वाचलं, आणि मला इतका आनंद झाला की त्या म्हाताऱ्यावर राग धरणं अवघड झालं.

मग रोज तेच. सकाळी मुकाट्यानं चालायचं, वाटेत ज्याच्या त्याच्यावर मनात तोंडसुख घ्यायचं, आणि घरी येऊन ते लिहायचं. पुढाऱ्याला एक पान मिळालं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना कुरडयांसह दोन. बॅग ढकलणाऱ्या पायाला किती पानं दिली ते सांगत नाही. रुळांजवळची टिटवी आम्हाला बघून रोज कलकलाट करायची, तिलाही मी सोडलं नाही. पण टिटवीला शिव्या द्यायच्या तर तिचे पिवळे पाय, तिची पळायची लकब, तिनं खड्यांत घातलेली अंडी, हे सगळं नीट बघावं लागलं. असं करता करता त्या पानांत बांध आला, कापसाची कोवळी रोपं आली, मंदाच्या टाचांच्या भेगा आल्या. भावानं सांगितलेली कृतज्ञता कुठं आली नाही, पण जग परत आलं.

टेकाडावर मी हळूच एखादी जुनी ओळ म्हणून बघायचे. आधी सहाव्या-सातव्या अक्षराशीच दम संपायचा. मंदा पाठमोरी उभी राहायची आणि ऐकलंच नाही असं दाखवायची.

हे एवढं सरळ मात्र झालं नाही. मी शहरात परतले आणि पुन्हा दिवसच्या दिवस लोळून काढले. मोजक्या माणसांत लग्नं सुरू झाली होती. एक दिवस दुकानात कळलं की मंगलाष्टकं मागणाऱ्या गिऱ्हाइकांना आमचे हे मोबाईलवरची कडवी नावं बदलून देत होते, आणि वर 'आमच्या हिनं लिहिली' म्हणत होते. मी विचारलं तर म्हणाले, "तुला त्रास नको म्हणून." इतक्या वर्षांचं माझं काम, आणि त्याची जागा भरायला ह्यांना एक मोबाईल पुरला!  सकाळची एसटी धरून पुन्हा करमाडला चालायला जाऊ लागले.

अण्णा

रूपालीचं लग्न ठरलं. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मोठी आई, मंगलाष्टकं तूच लिहायची आणि तूच म्हणायची. मोबाईलमधली मला नाय पायजेत."  राग लिहिता येत होता. मंगल लिहिता येईल का, हे मला माहीत नव्हतं. गणपतीचं एक कडवं झालं, कुळदेवीचं एक झालं, आणि तिसऱ्याशी गाडी अडली.

बैठकीला आमचे चुलत सासरे आले, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं. चहा पिता पिता म्हणाले, "कन्यादानाला थोरला अन् त्याची बायको बसंल. मंदानं सैपाकाकडं बघावं."

मी म्हटलं, "पोर तिनं वाढवली, अण्णा."

"ते खरंय की. पर शुभकार्य हाय, बाई. रीत हाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कपात बघत होते. आजारात मला नाकाला टॉवेल लावून वाट दिली ती निदान काही दिवस. मंदाला तर नवरा गेल्यापासून अशीच वाट देत आले, आणि तिच्या जागी पाटावर आता मी बसायचं! लागण नाही, ताप नाही, तरी ती बाजूला. मी तोंड उघडणार तोच मंदा दारातून म्हणाली, "जाऊ द्या ताई. माझ्यापायी पोरीच्या लग्नात तमाशा नको."

मी उठले आणि एकटीच चालत सुटले. तोंड बंद ठेवायची सवय झालीच होती. बाग गेली, गाडीवाट गेली. रुळांपाशी लक्षात आलं की माझी पावलं ठेक्यात पडताहेत आणि त्या ठेक्यावर अक्षरं येताहेत. मंदाला लग्नात मिळालेलं नाव मंदाकिनी. थांब्यानंतरच्या सात अक्षरांत ते असं बसलं की मी रुळांशेजारी उभी राहून मोठ्यानं हसले. टेकाडावर जाऊन ती ओळ म्हटली. दम पुरला.

कुणाला काही सांगितलं नाही. मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. लग्नात पत्रिका अडवता येते, पाट अडवता येतो, पण चालू मंगलाष्टक कुणी अडवत नाही. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही आणि भर मांडवात 'थांबा' म्हणायची कुणाची छाती होत नाही.

तिसरं कडवं

मंदाच्या घरापुढंच मांडव होता. अण्णा मला म्हणाले, "तुला दम लागतोय, रेकॉर्ड लावू." मी माईक हातात घेतला तो सोडला नाही. रूपाली अंतरपाटामागं हार धरून उभी होती. अण्णा पहिल्या रांगेत, गुलाबी फेटा बांधून. अक्षता वाटणारी बाई मांडवभर फिरली आणि मागं भांड्यांपाशी उभ्या असलेल्या मंदाला बरोबर वगळून पुढं गेली.

गणपती झाला, कुळदेवी झाली. तिसऱ्याला मामा-मावश्यांच्या दोन ओळी झाल्या. मग मी म्हटलं,

रानी राबुन बाप माय बनली

आणि थांबले. तिथं थांबायचंच असतं, मी फक्त जरा जास्त थांबले. अण्णांकडे बघितलं आणि म्हटलं,

मंदाकिनी माउली,
त्या मातेस नमून लेक निघते, कुर्यात् सदा मंगलम्!

मांडवात माना वळल्या. अंतरपाटामागं रूपालीचा हुंदका माईकमध्ये ऐकू आला. अण्णांचा अक्षतांचा हात अर्ध्यावर राहिला, पण भटजी 'शुभमंगल सावधान' म्हणाले आणि सगळ्यांबरोबर त्यांनाही त्या टाकाव्या लागल्या. आमचे हे माझ्या शेजारी उभे होते. ते मागं वळले आणि, मी बघितलं, मंदाच्या दिशेनं त्यांनी हात जोडले.

मंदा पदर तोंडाशी धरून उभी होती. शेजारच्या एका म्हातारीनं आपल्या मुठीतल्या अक्षता तिच्या हातात ओतल्या आणि तिला कोपरानं ढोसलं. मंदानं हात उचलला आणि आयुष्यभर बी पेरलेल्या हातानं त्या लेकीच्या दिशेनं भिरकावल्या. निम्म्या अण्णांच्या फेट्यावर पडल्या. मी दम घेतला आणि चौथं कडवं सुरू केलं.